भाषा गेली तर खरंच काय बिघडतं? मेळघाटातल्या कामावरून सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या दादांचं घर मूळचं अमरावती जिल्ह्यात मेळघाटातल्या धारणी तालुक्यातलं, कोरकू आदिवासी, आणि त्यांची भाषाही कोरकूच. आजी-आजोबा कोरकूच बोलतात, आईवडील कोरकू आणि मराठी-हिंदी सगळं, दादांना स्वतःला समजतं सगळं पण बोलताना अडखळायला होतं, नोकरी अमरावतीला, बायको मराठी घरातली, मुलगी दोन वर्षांची. आणि ते विचारतायत की जगात भाषा येतात-जातात, तर आमची गेली तर खरंच काही बिघडतं का, की हे फक्त अभ्यासकांचं दुःख आहे, आणि मुलीला शिकवायला गेलो तर तिची मराठी-इंग्रजी कच्ची तर राहणार नाही ना.

मी मेळघाटात आधी प्राथमिक शिक्षक होतो, नंतर शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये आणि पहिली-दुसरीच्या कोरकू मुलांसाठी चित्रकार्ड, गोष्टी, शब्दपट्ट्या असलं साहित्य बनवण्यात बरीच वर्षं गेली. त्यामुळे माझं उत्तर वर्गातून येतं, भाषाशास्त्र मी नंतर वाचलं, कामाला लागलं म्हणून वाचलं.

उत्तर हो असंच आहे, बिघडतं. पण पेपरात जे छापून येतं की प्रत्येक भाषेबरोबर एक अख्खं विश्व नष्ट होतं वगैरे, त्या कारणासाठी मी हो म्हणत नाहीये. बिघडतं ते आधी जिवंत माणसांचं बिघडतं, आणि त्यातही सगळ्यात लहान माणसांचं. भाषा एका दिवसात जात नाही ना, ती जायला दोन-तीन पिढ्या लागतात, आणि त्या मधल्या पिढ्यांमधली पोरं त्याची किंमत मोजतात. ती किंमत कुठल्याच यादीत येत नाही म्हणून वाटतं की काही बिघडलंच नाही.

वर्गात काय होतं ते सांगतो. कोरकू घरातलं सहा वर्षांचं पोर पहिलीत येतं तेव्हा त्याला त्याची भाषा पूर्ण येत असते, अगदी व्याकरणासकट. कोरकूत नामं सजीव-निर्जीव अशी विभागलेली असतात, आपल्यासारखं तो-ती-ते नसतं. मराठीत तर दगड पुल्लिंगी, वाट स्त्रीलिंगी, घर नपुंसकलिंगी, आणि त्याप्रमाणे विशेषण बदलणार, क्रियापद बदलणार. मग ते पोर म्हणतं "माझा आई आला" आणि वर्ग हसतो, आणि नव्याने बदलून आलेल्या गुरुजींना वाटतं की ह्याला साधं आई आली सुद्धा म्हणता येत नाही, हा मागे पडणार. ते पोर मागे नाहीये, ते एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत जातंय आणि त्याला कुणी सांगितलेलंच नाही की इथे वस्तूंना लिंग असतं. उलट काही गोष्टी त्याला सोप्या जातात. आम्ही आणि आपण हा फरक हिंदीत असा स्पष्ट नाही पण कोरकूत आहे, ऐकणाऱ्याला धरून वेगळं सर्वनाम आणि सोडून वेगळं, शिवाय दोघांसाठी वेगळं द्विवचनही आहे. हे शिक्षकाला माहीत असेल तर तो तिथूनच पूल बांधू शकतो. पण माहीत कसं असणार, डी.एड.ला हे कुणी शिकवत नाही.

गणितात तर अजून वाईट होतं. एकोणतीस, एकोणचाळीस ही मराठी मुलांना पण जड जातात, लिहायचं दोन-नऊ आणि म्हणायचं तिसाला एक कमी. जे पोर मराठीच पहिल्यांदा ऐकतंय त्याला तो आकडा आहे की शिवी आहे तेच कळत नाही. बेरीज त्याला येत असते, बाजारात मोहफुलं विकताना आईबरोबर बसून तो पैसे मोजतो, पण फळ्यावर येत नाही म्हणजे येत नाही असं प्रगतिपुस्तकात लिहिलं जातं. मग पहिलं-दुसरं वर्ष नुसतं बसून जातं, तिसरीत वाचता येत नाही, पाचवीत लाज वाटते, आणि आश्रमशाळेतून सातवी-आठवीत सुटलेली अशी कितीतरी मुलं मी बघितली आहेत ज्यांची कोरकूही अर्धवट राहिली आणि मराठीही अर्धवट. लोक म्हणतात ना की भाषा गेली तरी दुसरी मिळाली, हिशेब बरोबर झाला, तर तो हिशेब इथे चुकतो. दुसरी सगळ्यांना मिळत नाही. ज्याला मिळते तो अमरावतीला नोकरीला लागतो आणि आपल्याला तोच दिसतो.

दवाखान्यातही हेच. मेळघाटचं नाव नव्वदच्या दशकात बालमृत्यूंमुळे राज्यभर झालं, त्यावर पुष्कळ योजना आल्या, पण बाळाला ताप कधीपासून, दूध पितंय का, हगवण कशी आहे हे विचारायचं कुठल्या भाषेत हा प्रश्न योजनेत नसतो. आशाताई गावातली असते म्हणून निभतं. जिथे ती नाही तिथे बाई मान हलवते, डॉक्टरला वाटतं समजलं, आणि गोळी कशी द्यायची ते तिला समजलेलं नसतं.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो, की लोकांनी स्वतःहून भाषा सोडली तर तुमचं-आमचं काय जातं. हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो आणि तो तुम्ही पहिल्यांदा विचारलेला नाही. पीटर लाडेफोगेड म्हणून ध्वनिशास्त्राचे फार मोठे अभ्यासक होते, त्यांनी १९९२ साली हाच मुद्दा मांडला. केनियात दहालो नावाची अगदी छोटी भाषा आहे, तिच्या एका बोलणाऱ्याला त्यांनी विचारलं की तुमची मुलं ही भाषा बोलतात का, तर तो म्हणाला नाही, त्यांना समजते पण ते फक्त स्वाहिली बोलतात, आणि हे सांगताना तो हसत होता, त्याला वाईट वाटलेलं दिसलं नाही. मग हा माणूस चुकतोय असं म्हणणारा मी कोण, असं लाडेफोगेडनी लिहिलं. पुढच्याच वर्षी नॅन्सी डोरियन यांनी त्याला उत्तर दिलं, त्यांनी स्कॉटलंडच्या कोळी वस्त्यांमधली गेलिक बोली कित्येक वर्षं अभ्यासली होती. त्यांचा मुद्दा असा की मुलं शिकली म्हणून बापाला अभिमान वाटतो हे खरंय, पण त्याच्या पुढची पिढी जेव्हा पोटापाण्याला लागते आणि लाज संपते तेव्हा तीच विचारते की आम्हाला का नाही शिकवलंत.

मला दोघांचंही पटतं. कुणी भाषा सोडत असेल तर त्याला दोष द्यायचा अधिकार मला नाही, मी काही त्याच्या पोरांची फी भरत नाही. पण स्वतःहून हा शब्द मी जपून वापरतो. ज्या शाळेत कोरकू बोललं की छडी बसायची त्या शाळेतून शिकलेला बाप घरी मुलाशी मोडक्या मराठीत बोलतो, ते स्वतःहून आहे का? बाजारात कोरकूत भाव विचारला की व्यापारी वरून खालपर्यंत बघतो म्हणून पोरी धारणीच्या बाजारात हिंदीच बोलतात, ते स्वतःहून आहे का? व्याघ्र प्रकल्पासाठी बोरी, कोहा, कुंड अशी गावं उठून अकोटच्या बाजूला खाली सपाटीला आली, चारी बाजूंना मराठी गावं, नवी शाळा, नवा बाजार. तिथे भाषा बदलली तर ती निवड म्हणायची का परिस्थिती म्हणायची? आधी भाषा बोलणं महाग करून ठेवायचं आणि मग ती कुणी घेत नाही म्हणून तिला मागणी नाही म्हणायचं, हे मला मान्य नाही. बोलायला काहीच किंमत पडत नसताना लोकांनी सोडली असती तर मी एक अक्षर बोललो नसतो.

आणि ह्यात भाषा की भाकरी असा जो प्रश्न उभा करतात तो सातपुड्यात तरी खोटाच आहे. तिथे एकभाषिक माणूस शोधायला लागेल. निहाल लोकांचं उदाहरण घ्या. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदच्या बाजूला आणि पलीकडे मध्य प्रदेशात निमाडात मिळून निहाली बोलणारे दोन-अडीच हजार लोक असतील. त्यांना कोरकू येते, मराठी येते, हिंदी येते. म्हणजे पिढ्यान् पिढ्या तीन-चार भाषा सांभाळत ते शेतमजुरी करत आलेत. त्यांना गरीब त्यांच्या भाषेने ठेवलं नाही, त्यांच्याकडे जमीन नव्हती म्हणून ते गरीब राहिले. भाषा सोडल्याने सातबारा नावावर होत नाही.

निहालीवर जरा थांबतो, कारण अभ्यासकांचं दुःख असं तुम्ही म्हणालात आणि ते दुःख पण खोटं नाहीये. ही भाषा जगातल्या कुठल्याच कुटुंबात बसत नाही. मराठी-हिंदीचं कुटुंब वेगळं, गोंडी-कोलामी-तेलुगूचं द्रविड कुटुंब वेगळं, कोरकू-संताली-मुंडारीचं ऑस्ट्रोएशियाटिक कुटुंब वेगळं, आणि निहाली एकटीच. भारतीय उपखंडात अशा फार थोड्या भाषा आहेत, वर गिलगिटकडे बुरुशास्की, नेपाळात कुसुंदा, आणि आपल्या महाराष्ट्रात ही. डच अभ्यासक कुइपर यांनी १९६२ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं, पुढे आपल्याकडच्या आशा मुंडले यांनी तिचा शब्दसंग्रह केला, डेक्कन कॉलेजच्या शैलेंद्र मोहन यांनी अलीकडे तिच्यावर काम केलंय. तिच्यात कोरकूचे शब्द भरपूर, मराठी-हिंदीचे भरपूर, द्रविडही आहेत, पण ते सगळे काढून टाकले तरी साधारण पाव हिस्सा शब्द असे उरतात की ज्यांचा कुठेच पत्ता लागत नाही. आकडेच बघा. एकाला बिडुम, हा शब्द कुठला ते कळत नाही. दोन-तीन-चारला इरार, मोठो, नालो, हे सरळ द्रविड वळणाचे. पाचापासून पुढे मराठी-हिंदीसारखे. म्हणजे दहापर्यंत मोजता मोजता तीन वेगवेगळ्या काळातली माणसं तुमच्यासमोरून जातात. आर्य भाषा यायच्या आधी, कदाचित द्रविड आणि मुंडा, म्हणजे कोरकू-संतालीच्या गटातल्या, भाषांच्याही आधी ह्या डोंगरात कोण राहत होतं ह्याचा पुरावा म्हणून तांब्या-खापऱ्या तर मिळतील, पण ते लोक बोलत कसे होते ह्याचा पुरावा असलाच तर ह्या दोन-अडीच हजार मजुरांच्या तोंडात आहे. तो गेला की महाराष्ट्राच्या इतिहासाचं ते पान कायमचं कोरं राहील, मग कितीही उत्खनन करा. ही चोरबोली असावी अशीही शंका काही जणांनी घेतली, आपापसात बोलायला मुद्दाम केलेली, पण चोरबोली म्हटलं तरी ते पाव हिस्सा शब्द आले कुठून हे राहतंच.

कोरकूचंही असंच, फक्त उलट बाजूने. ती एकटी नाही, तिचे नातेवाईक प्रचंड दूर पसरलेत. संताली-मुंडारी झारखंड-ओडिशात, खासी मेघालयात, आणि पुढे कंबोडियाची ख्मेर आणि व्हिएतनामी. ह्या अख्ख्या कुटुंबाचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक म्हणजे तुमचं गाव आहे दादा. कोरकूत चाराला उपुन, संतालीत पोन, ख्मेरमध्ये बुओन, व्हिएतनामीत बोन. हे मी शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये सांगायचो तेव्हा कोरकू शिक्षक सरसावून बसायचे. त्यांना आयुष्यभर सांगितलेलं असायचं की तुमची ती काय भाषा आहे का, नुसती बोली, तिला व्याकरण नाही, आणि इथे कळायचं की तिचा गोतावळा हजारो किलोमीटर पसरलाय.

झाडपाल्याबद्दल एक ठोस काम सांगतो. २०२१ साली कामारा-लेरेत आणि बास्कॉम्प्ट ह्या दोन संशोधकांनी उत्तर अमेरिका, वायव्य अ‍ॅमेझॉन आणि न्यू गिनी इथल्या २३६ आदिवासी भाषांमधल्या औषधी वनस्पतींच्या नोंदी एकत्र केल्या. वनस्पतींचे जवळपास साडेबारा हजार औषधी उपयोग नोंदलेले होते, आणि त्यातले ७५ टक्क्यांहून जास्त उपयोग एकाच भाषेत सापडले, शेजारच्या भाषेतसुद्धा नाहीत. म्हणजे वनस्पती जंगलात उभी राहील, नष्ट होणार नाही, पण तिचा उपयोग सांगणारं कुणी राहणार नाही. मेळघाटात असा अभ्यास कुणी केला तर काय निघेल ते मी आधीच सांगणार नाही, पण कुठला कंद कुठल्या महिन्यात कडू असतो आणि किती वेळा उकळून पाणी टाकलं की खाता येतो, हे माझ्या वर्गातल्या मुलांच्या आज्ज्यांना कोरकूत धडाधड सांगता यायचं आणि मराठीत विचारलं की त्या गप्प. त्यांना येत नव्हतं असं नाही, मराठीत त्या कंदाला नावच नाही तर सांगणार काय.

आणि सिडोलीच्या, म्हणजे कोरकूंच्या मृत्यूनंतरच्या विधीच्या वेळची गाणी. गेलेल्या माणसासाठी कोरीव लाकडी मुंडा, म्हणजे आठवणीचा खांब, उभारतात तेव्हा जे गायलं जातं ते मराठीत आणता येत नाही, मी प्रयत्न केलेली माणसं बघितली आहेत. शब्द येतात, पण गाणारी माणसं ते गात नाहीत. आपल्या माणसाला निरोप कुठल्या भाषेत द्यायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण ती सोय तरी शिल्लक पाहिजे.

आता जे वाढवून सांगितलं जातं त्याबद्दल पण बोललं पाहिजे, कारण खोट्या आकड्यांवर उभं राहिलेलं काम लवकर कोसळतं. दर दोन आठवड्यांनी जगात एक भाषा मरते हे वाक्य तुम्ही शंभर वेळा वाचलं असेल. धोक्यातल्या भाषांची जी मोठी जागतिक यादी अभ्यासकांनी केली तिच्यावरून ते साधारण तीन महिन्यांनी एक असं निघालं. तेही कमी नाहीच, जगातल्या सात हजारांच्या आसपास भाषांपैकी तीन हजारांच्या वर त्या यादीत धोक्यात आहेत, मग वाढवायची गरज काय? तसंच भाषा बदलली की माणसाचा विचारच बदलतो, ती भाषा नसेल तर तो विचारच करता येत नाही, हे पण फार ताणलेलं आहे. कोरकू पोराला मराठीत विचार करता येतो, उत्तम येतो. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आदिवासी वस्त्यांचा एक अभ्यास २००७ साली झाला, ज्या वस्त्यांमध्ये निम्म्याहून जास्त लोकांना स्वतःची भाषा बोलता येत होती तिथे तरुणांच्या आत्महत्या फार कमी होत्या, कुठे कुठे तर शून्य. हा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो, पण भाषेमुळेच आत्महत्या थांबल्या असं त्यावरून म्हणता येत नाही, ज्या वस्तीने भाषा टिकवली तिने बाकी पण बरंच काही एकत्र येऊन टिकवलेलं असणार. मी तो वापरतो तेव्हा हे सांगूनच वापरतो.

दुसरी गोष्ट, आकडा मोठा म्हणजे भाषा सुरक्षित असं नाही. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे ७ लाख २७ हजार आहेत, ऐकायला बरं वाटतं. गोंडी बोलणारे ३० लाखांच्या जवळ, पण गोंड समाज कोटीच्या वर आहे, म्हणजे बहुसंख्य गोंडांच्या घरातून गोंडी आधीच गेली. उलट रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गाव आहे, तिथले ख्रिस्ती लोक पोर्तुगीज आणि मराठी मिळून तयार झालेली एक भाषा बोलतात, बोलणारे हजाराच्या आसपास. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये चौल सोडलं, म्हणजे जाऊन पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली, ना शाळा ना सरकार ना पुस्तकं, आणि तरी भाषा एवढी टिकली, कारण घरात आई मुलाशी तीच बोलत राहिली. युनेस्कोने २००३ मध्ये भाषेची तब्येत बघायला नऊ निकष ठरवले, त्यातला पहिलाच हा आहे की मुलं शिकतायत का. मी कुठल्याही गावात गेलो की किती लोक बोलतात हे विचारत नाही, अंगणात खेळणारी चार-पाच वर्षांची पोरं भांडताना काय बोलतात ते ऐकतो. भांडण कोरकूत चाललं असेल तर अजून काळजी नाही.

जनगणनेचं पण एक सांगतो, कारण त्यातून भाषा कागदावरून आधीच पुसली जाते. १९६१ च्या यादीत १६५२ मातृभाषा होत्या. १९७१ पासून दहा हजारांच्या खाली बोलणारे असतील तर त्या भाषेचं नाव वेगळं छापायचं नाही असं ठरलं आणि यादी शंभराच्या थोडीशी वर आली. निहाली त्यात बसणारच नाही. जिचं नाव यादीत नाही तिच्यासाठी पुस्तक कोण छापणार, शिक्षक कोण नेमणार? पुढे गणेश देवींच्या भाषा सर्वेक्षणाने लोकांमध्ये जाऊन ७८० भाषांची नोंद केली तेव्हा कुठे ह्यातल्या बऱ्याच भाषा परत दिसायला लागल्या.

कायद्यात तसं सगळं लिहिलेलं आहे. घटनेचं कलम ३५०-अ सांगतं की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय राज्याने करावी. २००९ चा शिक्षण हक्क कायदा शक्य तिथवर मातृभाषा म्हणतो, २०२० चं धोरण निदान पाचवीपर्यंत म्हणतं. आणि प्रत्यक्षात गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेने २०१९ साली स्वतःच्या खर्चाने गोंडी शाळा काढली तर मान्यता नाही म्हणून नोटीस आली आणि गावाला हायकोर्टात जावं लागलं. ओडिशाने २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांमध्ये पहिलीपासून शिकवायला सुरुवात केली आणि नंतर भाषा वाढवल्या, त्यांच्यापुढेही अडचणी आहेत, पुस्तकं वेळेवर न पोचणं, त्या भाषेचा शिक्षक दुसऱ्याच भाषेच्या गावात, पण निदान रस्ता दाखवला. आपल्याकडे पुस्तिका निघाल्या, शब्दकोश निघाले, काही चांगले अधिकारी आले तेव्हा काम जोरात झालं, त्यांची बदली झाली की कपाटात गेलं. मला विचाराल तर एकच मागणी सगळ्यात आधी: मेळघाटातल्या पहिली-दुसरीच्या प्रत्येक वर्गात कोरकू बोलणारी एक व्यक्ती, शिक्षक नसेल तर गावातली बारावी झालेली मुलगी, मानधनावर. बाकी पुस्तकं-अ‍ॅप नंतर. पोराला पहिल्या दिवशी आपलं बोलणं कळणारं एक माणूस वर्गात दिसलं की ते रडायचं थांबतं आणि बोलायला लागतं, आणि बोललं की मराठीही पटकन येते. पाया घरच्या भाषेत पक्का झाला की दुसरी भाषा लवकर चढते हे मी वर्षानुवर्षं बघितलंय.

मराठी वाचकांना इथे एक सांगावंसं वाटतं. आपण इंग्रजीपुढे मराठीचं काय होणार म्हणून काळजी करतो आणि ती मलाही आहे. पण आठ कोटींच्या वर लोक बोलतात, राज्य आहे, विद्यापीठं आहेत, २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. धारणी-चिखलदऱ्यात मात्र मराठी ही मोठी भाषा आहे, आणि तिथल्या पोराला मराठी तशीच वाटते जशी आपल्या पोराला बालवाडीत इंग्रजी वाटते. आपल्या मुलाला मातृभाषेतून शिकवा म्हणणाऱ्याने कोरकू मुलासाठी पण तेच म्हटलं पाहिजे. नाहीतर आपली मागणी तत्त्वाची राहत नाही, फक्त आपल्यापुरती राहते.

आता तुमच्या मुलीबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे असं मला वाटतंय. तिचं काहीही नुकसान होणार नाही. दोन-तीन भाषांत वाढलेलं मूल सुरुवातीला शब्द मिसळतं, एका वाक्यात अर्धं कोरकू अर्धं मराठी येईल, कधी कधी शेजारी म्हणतील की ही उशिरा बोलतेय, घाबरू नका, चार-पाच वर्षांची होईपर्यंत कुणाशी काय बोलायचं हे ती स्वतः लावून घेते. अमरावतीत राहून तिची मराठी कच्ची राहणं अशक्य आहे, रस्ता, शाळा, टीव्ही, आई सगळं मराठीच आहे. कच्ची राहिलीच तर कोरकू राहील, म्हणून जोर तिकडे लावायचा.

तुम्ही अडखळता म्हणून गप्प बसू नका. तिला तुमचं व्याकरण तपासायचं नाहीये. दिवसातली एक ठरावीक वेळ घ्या, आंघोळ किंवा जेवण किंवा झोपायची वेळ, आणि त्या वेळात फक्त कोरकू, चुकलं तरी कोरकू. रंगांची नावं, प्राण्यांची नावं असं पाठांतर करून घेऊ नका, त्याने भाषा येत नाही, नुसती यादी येते. ये, बस, नको, अजून पाहिजे का, कुठे दुखतंय, हे रोजचं बोला. तिच्या आईलाही ह्यात घ्या, वहिनींना दहा-वीस वाक्यं आली तरी घरात ती भाषा परकी राहत नाही, नाहीतर जेवणाच्या ताटावर दोघांनाच कळणारं काहीतरी चाललंय असं होतं आणि ते कुणालाच आवडत नाही.

सगळ्यात मोठं म्हणजे आजी. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी १९८२ साली जेव्हा बालवाड्या काढल्या तेव्हा त्यांच्याकडेही मधली पिढी भाषा विसरलेली होती, म्हणून त्यांनी आजी-आजोबांना थेट तीन-चार वर्षांच्या मुलांमध्ये नेऊन बसवलं आणि मधली पिढी ओलांडली. तुमच्या घरात तर तुमचे आईवडील पण बोलतात आणि आजी-आजोबा पण आहेत, एवढं भांडवल फार कमी जणांकडे असतं. आईला सांगून ठेवा की नातीशी मराठी बोलायचं नाही. हे सोपं वाटतं पण सगळ्यात अवघड हेच जातं, कारण आजीला वाटतं की पोरीला शहरात त्रास होऊ नये, आणि ती प्रेमापोटी मराठीवर येते. तिला दोन-तीनदा सांगावं लागेल. सुट्टीत गावाला पाठवा, आणि चार दिवसांसाठी नको, शाळा सुरू व्हायच्या आधीच्या ह्या दोन-तीन वर्षांत जितकं जास्त राहू शकेल तितकं राहू द्या. गावातल्या पोरांबरोबर खेळून जे येतं ते आपण शिकवून येत नाही. रोज व्हिडिओ कॉल होत असेल तर तो कोरकूतच करा.

आणि आजोबांचं बोलणं रेकॉर्ड करा, आत्ताच, ह्या सुट्टीत. मोबाईल पुरतो, फक्त जवळ ठेवा आणि पंखा बंद करा. आधी त्यांना विचारा की हे कुणाला ऐकवलं तर चालेल आणि काय फक्त घरातच ठेवायचं, विधीची गाणी असतील तर हे नक्की विचारा. गाणी-गोष्टी सगळेच रेकॉर्ड करतात, तुम्ही साधं बोलणं घ्या, दोन म्हातारी माणसं शेताबद्दल, आजारपणाबद्दल, जुन्या भांडणाबद्दल बोलतायत असं. भाषा शिकायला पुढे तेच लागतं. आजोबांनी एखादं वाक्य टाकलं आणि तुम्हाला कळलं नाही तर तिथेच थांबवून अर्थ विचारा आणि तो अर्थही त्याच रेकॉर्डिंगमध्ये येऊ द्या, नंतर विचारू म्हटलं की राहून जातं. लिहायचं असेल तर देवनागरीत लिहा, काही आवाज बरोबर बसत नाहीत, शब्दाच्या शेवटी घशात अडकणारा आवाज असतो त्याला काही खूण ठरवा, कुठलीही चालेल, पण सगळीकडे तीच वापरा. फाइलच्या नावात गाव, तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव टाका, एक कॉपी तुमच्याकडे आणि एक गावाकडे चुलतभावाकडे ठेवा, नुसती व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवू नका, फोन बदलला की जाते.